गंजलेलें इंजिन मोडींत काढावें काय?

रत्नागिरीच्या आसपास ज्यांचें घर आहे त्यांस गंजाची ओळख करून देण्याचें प्रयोजन नाहीं. कोयता भिंतीस टांगून ठेवावा आणि आठ दिवसांनीं खालीं काढावा, तों त्याचा रंग पालटलेला असतो. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि समुद्रावरून येणारी खारी हवा, यांपुढें लोखंडाचें कांहीं चालत नाहीं. मीठ हवेंतील ओल धरून ठेवतें, म्हणून पाऊस उघडल्यावरही गंजाचें काम थांबत नाहीं. अशा ठिकाणीं मोटारीचें एखादें इंजिन मांगराच्या कडेला कित्येक पावसाळे पडून राहिलें, तर तें पुनः उपयोगीं पडेल किंवा नाहीं हें ठरविणें केवळ कारागिराचें काम आहे, असें कित्येकांस वाटेल. मला तसें वाटत नाहीं. त्यांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, व तो वाचकांपुढें मांडावा म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

प्रसंग असा. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या वडिलांची एक विलीज जीप होती. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास ज्या गाड्या आपल्या देशांत जोडण्यास आरंभ केला, त्याच कुळांतली ती. वडील वारले, आणि जीप मांगराशेजारीं राहिली. पुढें मुलाच्या मनांत आलें कीं, वडिलांचेंच इंजिन दुरुस्त करावें आणि घरच्या माणसांस घेऊन आंबा घाटानें कोल्हापुरास जावें-यावें. घरांत शिल्लक थोडी होती, आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर दिसत होता. म्हणून निर्णय हलक्या हातानें करण्यासारखा नव्हता.

सल्ला देणारांस तोटा नसतो. शेजारी म्हणाले, “एवढा गंज चढला आहे, भंगारांत घाला.” दुसऱ्या एकानें सांगितलें कीं, घासूनपुसून रंग द्यावा, चीर असेल तेथें लांबी भरावी, गाडी चालली म्हणजे झालें. तिसरा आला तो म्हातारा मेस्त्री. त्यानें ब्लॉकभोंवतीं एक फेरी मारिली व म्हटलें, “दादा, आधीं उघडूं या. न उघडतां मी हो म्हणणार नाहीं, आणि नाहींही म्हणणार नाहीं.”

पहिल्या दोघांचें म्हणणें परस्परविरुद्ध दिसतें. परंतु दोघांचा दोष एकच. दोघांनींही न पाहतां निकाल दिला. बाजारांत मडकें घेतांना आपण त्याचा रंग पाहून थांबत नाहीं, तर बोटानें वाजवून पाहतों. मग माणसाच्या कष्टाचे पैसे जेथें गुंतले आहेत तेथें एवढी घाई कां?

मेस्त्रीनें सिलिंडरांत रॉकेल व तेल ओतून तें अनेक दिवस मुरूं दिलें. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून पिस्टन भिंतीस घट्ट धरून बसतो. तेथें हातोडा चालविला तर ब्लॉकच फुटावयाचा. जो एक पिस्टन सुटला नाहीं तो त्यानें तुकड्यातुकड्यांनीं काढिला. पिस्टन नवा मिळतो. त्याच्यासाठीं ब्लॉक गमावूं नये. मग मापें घेतलीं. या इंजिनाच्या सिलिंडराचा मूळ व्यास ३ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे सुमारें ७९.४ मिलिमीटर. भिंतीवर गंजानें खड्डे पाडले होते, आणि पिस्टनाच्या कड्या जेथें फिरतात तेथें जरासा खड्डाही तेल व वायू यांस वाट देतो. तथापि सिलिंडर थोडा मोठा बोअर करून जाडे पिस्टन घालतां येतात. तेवढ्यानें न भागल्यास लायनर दाबून बसवितां येतो. बाहेरच्या अंगावर पापुद्रे सुटले होते, त्यांची त्यानें गणतीही केली नाहीं. शेजाऱ्यांस ज्या गंजाचें भय वाटलें तो हाच होता!

नंतर त्यानें पृष्ठभाग स्वच्छ करून रॉकेल चोळलें, पुसून काढिलें, आणि वर खडूची पूड पसरली. थोड्या वेळानें तिसऱ्या सिलिंडराच्या कडेपासून व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत केसासारखी एक ओली रेघ उमटली. या जातीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह हेडांत नसून ब्लॉकांतच असतात, व त्या दोहोंमधील लोखंड अरुंद असून सर्वांत अधिक तापतें. अशी रेघ असूनही कित्येक इंजिनें चाललीं आहेत. परंतु ती आंत पाण्याच्या पोकळीपर्यंत गेली असेल, तर चढणीवर पाणी सिलिंडरांत शिरतें, इंजिन तापतें व बंद पडतें. आणि उतरणीवर लहान गिअरांत गाडीचा वेग आंवरून धरणारें तेंच इंजिन असतें.

येथें आपला प्रश्न उभा राहतो. चांगला ब्लॉक भंगारांत घातला तर नुकसान मालकाचें. पैसे गेले, वडिलांची आठवण गेली. वाईट ब्लॉक चांगला म्हणून बसविला तर नुकसान मागल्या बाकावर बसलेल्या मुलांचें, ज्यांस ती रेघ कोणीं दाखविली नाहीं. ह्या दोन चुका एका तागडींत घालतां येत नाहींत. आपल्या पैशाविषयीं धाडस करण्याचा अधिकार मनुष्यास आहे. दुसऱ्याच्या जिवाविषयीं नाहीं. म्हणून शंका राहिली असतां तिचा फायदा लोखंडास नव्हे, तर बसणारांस दिला पाहिजे. परंतु शंका हाच निकाल मानणेंही आळसाचें आहे. जोंवर तपासणीचा खर्च चुकीच्या खर्चाहून कमी आहे, तोंवर तपासीत राहावें.

मेस्त्रीनें ब्लॉक कोल्हापुरास नेला. तेथें ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. पाण्याच्या वाटा पट्ट्या लावून बंद केल्या, आंत हवा भरली, आणि ब्लॉक हौदांत बुडविला. रेघेवरून बुडबुडे वर येऊं लागले.

याच वेळीं कोणीं तरी आणखी एक युक्ति सुचविली: दुसरा चांगला ब्लॉक घ्यावा व त्याजवर जुनाच नंबर ठोकावा, म्हणजे कागदपत्रांची यातायात नको. इंजिनाचा नंबर ब्लॉकावर असतो व तोच नोंदणीच्या पुस्तकांत लिहिलेला असतो. तेव्हां ही युक्ति म्हणजे खोटी साक्षच होय. मुलास ती क्षणभर गोड वाटली, हें त्यानेंच मला सांगितलें. लोभ पैशाचा नव्हता. नंबर वडिलांच्या गाडीचा होता.

पुढें दुसरा ब्लॉक आला, परवानगी घेऊन पुस्तकांत नवा नंबर चढला. फुटका ब्लॉक वितळविण्यासाठीं कारखान्यांतच राहिला. बोअर, लायनर आणि रंग करून देतों असें म्हटलें असतें तर मेस्त्रीस बरीच मजुरी मिळती. त्यानें तपासणीचे तेवढे पैसे घेतले आणि संध्याकाळच्या एस. टी. नें तो परत आला.