जेरुसलेमच्या खडकातील कबरी आणि शुभवर्तमानांतील दफन

येशूच्या दफनाची हकिकत चारही शुभवर्तमानांत मोजक्या ओळींत संपते: अरिमथाईचा योसेफ नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ रोमन सुभेदार पिलाताकडे मृतदेह मागतो, तो तागाच्या वस्त्रात गुंडाळून खडकात खोदलेल्या कबरीत ठेवतो, आणि कबरीच्या तोंडाशी धोंड लोटली जाते. या ओळींची पारख जेरुसलेमभोवतीच्या जमिनीवरून करता येईल का, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात असून, या काळात प्रश्नाचे स्वरूपच बदलत गेले आहे.

आरंभी शोध होता तो जागेचा. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनने हेड्रियनच्या काळातील रोमन मंदिर पाडून, त्याखाली सापडलेल्या कबरीभोवती पवित्र कबरीचे चर्च बांधविले, आणि पुढे दीड हजार वर्षे या जागेविषयी फारसा संशय कोणी घेतला नाही. १८३८ मध्ये जेरुसलेमला आलेले अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन यांनी मात्र, हे चर्च शहराच्या तटाच्या आत असल्याने आणि यहुदी लोक मृतांना तटाबाहेरच पुरत असल्याने, परंपरेने दाखविलेली जागा खरी असू शकत नाही, असा आक्षेप घेतला. या संशयाने मोकळ्या झालेल्या वाटेवरून १८८३ मध्ये ब्रिटिश सेनानी चार्ल्स गॉर्डन यांनी उत्तर तटाबाहेरील एका टेकडीला, शुभवर्तमानांतील ‘कवटीची जागा’ या नावाशी जुळणारा, कवटीचा आकार दिसतो म्हणून तीच वधस्तंभाची जागा ठरविली, आणि तेथील ‘बागेतील कबर’ अनेक प्रॉटेस्टंट भाविकांच्या श्रद्धेचे स्थान बनली. ती सुंदर आणि शांत आहे; परंतु पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांनी १९७०च्या दशकात तिच्या रचनेचा अभ्यास केला, तेव्हा ती इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकांत खोदलेली, म्हणजे येशूच्या काळी मुळीच ‘नवी’ नसलेली कबर असल्याचे दिसून आले.

रॉबिन्सन यांच्या आक्षेपालाही जमिनीनेच उत्तर दिले. चर्चच्या परिसरात व्हर्जिलिओ कोर्बो यांनी, तर लगतच्या मुरिस्तान भागात कॅथलीन केनियन यांनी केलेल्या उत्खननांतून तेथे दगडाची जुनी खाण असल्याचे आणि ती जागा पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात तटाबाहेर असल्याचे स्पष्ट झाले. ती आत आली ती हेरोद अग्रिप्पाने ४१ ते ४४ या काळात सुरू केलेल्या तिसऱ्या तटामुळे. चर्चमध्येच पहिल्या शतकातील घडणीच्या इतर कबरीही टिकून आहेत. २०१६ मध्ये जीर्णोद्धारासाठी कबरीवरील संगमरवर उचलला गेला, तेव्हा खालच्या चुन्याचे वय इ.स. ३४५च्या आसपासचे निघाले. एवढ्याने कॉन्स्टन्टाइनच्या काळाशी दुवा पक्का होतो. त्यामागची तीनशे वर्षे ओलांडून एका व्यक्तीपर्यंत पोहोचणे चुन्याच्या शक्तीबाहेरचे आहे.

याहून महत्त्वाचे वळण आले ते अभ्यासकांचे लक्ष एका कबरीवरून नऊशेंहून अधिक कबरींकडे गेल्यावर. जेरुसलेमभोवती येशूच्या काळच्या एवढ्या खडकातील कबरी नोंदल्या गेल्या असून त्यांचा ठराविक साचा आता स्पष्ट झाला आहे: वाकूनच आत जावे लागेल असे ठेंगणे दार, आत चौकोनी दालन, भिंतींना काटकोनात खोदलेले, एकेक देह सरकविण्यापुरते खोल कोनाडे, ज्यांना हिब्रूत ‘कोखिम’ म्हणतात, आणि सुमारे वर्षभराने मांस झडल्यावर हाडे गोळा करून ठेवण्याच्या चुनखडीच्या अस्थिपेट्या. अशी कबर खोदविणे श्रीमंत कुटुंबांनाच परवडे. बाकीच्यांना जमिनीत खणलेल्या साध्या खड्ड्यात पुरत.

या पेट्यांनी मोहातही पाडले. १९४५ मध्ये एलिअझार सुकेनिक यांनी तालपियोत येथील पेट्यांवर येशू हे नाव आणि फुलीच्या खुणा पाहून त्यांत ख्रिस्ती समाजाचा सर्वांत जुना पुरावा वाचला. २००७ मध्ये त्याच भागातील, १९८० साली उघडलेल्या दुसऱ्या कबरीविषयी, ती येशूच्या कुटुंबाची असल्याचा दावा एका माहितीपटाने केला. दोन्हींची चूक एकच होती: येशू, योसेफ, मरिया ही नावे त्या काळी इतकी प्रचलित होती की केवळ नावावरून माणूस ओळखता येत नाही.

सर्वांत अधिक शिकविले ते १९६८ मध्ये गिवआत हामिवतार येथे सापडलेल्या एका टाचेच्या हाडाने. येहोहानान नावाच्या त्या माणसाच्या टाचेत ११.५ सेंटिमीटर लांबीचा खिळा अजून रुतलेला होता, आणि त्याची हाडे इतरांसारखीच पेटीत ठेवलेली होती. वधस्तंभावर मारलेल्या माणसाला कुटुंबाच्या कबरीत जागा मिळू शकत होती, हे यातून निर्विवाद सिद्ध झाले. तरीही बायबलचे अभ्यासक जॉन डॉमिनिक क्रॉसन यांनी १९९०च्या दशकात उलट युक्तिवाद मांडला: हजारो लोक वधस्तंभावर मेले आणि हाड एकच सापडले, म्हणजे दफन हा अपवाद, व येशूचा देह बहुधा कुत्र्या-गिधाडांच्या वाट्याला गेला असावा. हा युक्तिवाद सबळ वाटतो, पण तो खिळा का टिकला हे विसरतो. त्याचे टोक वाकले म्हणून तो काढता आला नाही. तो निघाला असता, तर येहोहानान कसा मेला हे कोणालाही कळले नसते. अशा खुणेवाचून पेट्यांत पडलेली माणसे किती, हे मोजण्याचा मार्ग नाही. शिवाय यहुदी लोक वधस्तंभावरील मृतांनाही सूर्यास्तापूर्वी पुरतात, असे पहिल्या शतकातील इतिहासकार जोसिफस स्पष्ट लिहितो, आणि बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकातील आज्ञाही तीच आहे.

धोंडेच्या बाबतीत मात्र कबरी अनपेक्षित साक्ष देतात. आमोस क्लोनर यांनी दाखविल्याप्रमाणे, नऊशेंहून अधिक कबरींपैकी फक्त चारांना चाकासारखी वाटोळी शिळा होती, आणि त्यांत आदियाबेनेची राणी हेलेना हिच्या कुटुंबाची भव्य कबर मोडते. बाकीच्यांच्या तोंडाशी बुचासारखा चौकोनी दगड असे. वाटोळ्या शिळेचे जे चित्र ख्रिस्ती कलेत रूढ झाले, त्याला हा पुरावा आधार देत नाही. ‘लोटली’ एवढ्या शब्दावरून दगड वाटोळाच होता असे मानण्याचेही कारण नाही. योहानाच्या वृत्तात कबरीत डोकावण्यासाठी वाकावे लागते, हा तपशील मात्र ठेंगण्या दारांशी चोख जुळतो.

आजचा वाद ‘दफन झाले का’ यापेक्षा ‘ते कोणत्या मानाचे होते’ याभोवती अधिक फिरतो. पुरातत्त्वज्ञ जोडी मॅग्नेस यांच्या मते, शब्बाथ सुरू होण्याआधी खड्डा खणण्यास वेळ नव्हता, म्हणून योसेफाने आपल्या कबरीतील जागा देऊ केली, आणि हे पुराव्याशी सुसंगत आहे. बायरन मॅकेन यांच्या मते, वधदंड झालेल्यांसाठी वेगळी दफनभूमी असे व त्यांचा शोक जाहीरपणे होत नसे, अशी यहुदी परंपरा पाहता येशूचे दफन अपमानास्पदच असले पाहिजे. मार्क केवळ खडकातील कबर सांगतो, मत्तय ती योसेफाची स्वतःची व नवी असल्याचे सांगतो, लूक आणि योहान तीत पूर्वी कोणालाही ठेवले नसल्याची भर घालतात. मॅकेन यांना या वाढत्या तपशिलांत लाजिरवाणे दफन हळूहळू सन्माननीय होत जाताना दिसते. परंतु ज्या कबरीत आधीचे कोणी नाही, तीत दंडित माणसाला ठेवल्याने कुटुंबाच्या मृतांशी त्याची सरमिसळ होत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे ‘नवी’ हा तपशील नंतर घातलेला मान की रूढी सांभाळण्यासाठी काढलेली त्या वेळची वाट, याचा निवाडा जेरुसलेमच्या कबरी अद्याप देऊ शकलेल्या नाहीत.