पांढरा की पाक?

जुम्याला पांढरा शर्ट घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावात शुक्रवारी दुपारी दुकानदार, मास्तर, ट्रक चालवणारा, हमाली करणारा, सगळे परीटघडीचे होऊन मशिदीकडे निघतात. प्रेषितांनी (स.) पांढरी वस्त्रे वापरायला आणि मृतांना पांढऱ्यातच कफन द्यायला सांगितले, म्हणून या रीतीला सुन्नतीचाही आधार आहे. तेव्हा रीतीबद्दल आमची तक्रार नाही. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच, की त्या शर्टाकडून आपण काय मागतो? पाकी की पांढरेपणा? आणि जे मागतो त्याची किंमत कोण मोजतो?

या दोन गोष्टी आपण एकच समजतो, पण शरियतने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. हदीसमध्ये खौला बिन्ते यसार (र.) यांचा प्रसंग येतो. त्यांच्याकडे एकच वस्त्र होते आणि त्यावर पाळीच्या रक्ताचा डाग पडला होता. धुऊनही डाग गेला नाही तर काय करावे, असे त्यांनी विचारले. पाण्याने धुणे पुरेसे आहे, राहिलेल्या खुणेने काही बिघडत नाही, असा प्रेषितांच्या (स.) उत्तराचा आशय आहे. एकच कपडा असलेल्या बाईला दिलेला हा केवढा दिलासा! घाण धुतली गेली की कपडा पाक झाला. डाग राहिला तर राहिला.

उलट, पांढरा दिसणारा कपडा पाक असेलच असे नाही. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांशी साबणाचा साका होतो, तो धाग्यात बसतो आणि शर्ट मळकट दिसू लागतो. मग आपण नीळ घालतो. निळीने मळ निघत नाही, फक्त पिवळी झाक झाकली जाते. डिटर्जंटमधली चमक आणणारी द्रव्येही तेच करतात. उन्हातले न दिसणारे किरण शोषून ती निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि डोळ्याला शर्ट जास्त शुभ्र भासतो. म्हणजे शुभ्रतेचा बराचसा भाग डोळ्यांची समजूत घालण्याचा आहे.

शर्टावरून माणूस ओळखू नये, हे सूरह यूसुफनेही शिकवले आहे. त्यात तीन वेळा कमीज येते. भावांनी रक्त लावून आणलेली कमीज खोटे बोलली. मागून फाटलेल्या कमीजने यूसुफांचे (अ.) निर्दोषत्व सिद्ध केले. तिसरीने वडिलांची दृष्टी परत आणली. फाटलेला कपडा खऱ्याची साक्ष देतो आणि आपण मात्र कॉलरचा विटका रंग पाहून माणसाची पत ठरवतो.

तरी पांढऱ्या शर्टाचा मोह सरसकट खोटा म्हणता येणार नाही. उर्दूत ‘सफेदपोश’ म्हणजे गरिबीतही आब राखून राहणारा. एकच चांगला शर्ट गुरुवारी रात्री धुऊन, दोरीवर वाळवून जुम्याला घालणारा मजूर दिखावा करत नसतो. तो आपली इज्जत सांभाळत असतो. मराठीत दुसरा शब्द आहे, ‘पांढरपेशा’. त्यातला ‘पेशा’ फारसीतून आला. हाताला मळ लागू न देणारा तो पांढरपेशा. सफेदपोश आपली शुभ्रता स्वतःच्या कष्टाने राखतो, पांढरपेशाची शुभ्रता बहुधा दुसऱ्याच्या हातांवर उभी असते. दोघांचा शर्ट दिसायला सारखाच.

ते दुसरे हात बहुतेक घरातल्याच बाईचे असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जात होता. पुरुषांत मुळात घरकाम करणारेच थोडे, आणि जे करत त्यांची ९७ मिनिटे. कपाशीच्या आमच्या जिल्ह्यात कापूस वेचणारीही बहुधा बाईच. म्हणजे बोंडापासून दोरीपर्यंत शर्ट तिच्या हातून जातो. उन्हाळ्यात पाणीही तिनेच आणायचे, आणि जुम्याला कॉलरवर रेघ राहिली तर बोलणीही तिनेच खायची.

यावर उत्तर ठरलेले असते : मर्द कमावतो, बाई घर पाहते. पण हजरत आयेशा (र.) यांनी प्रेषितांच्या (स.) घरातल्या वागण्याबद्दल जे सांगितले आहे ते या उत्तरात बसत नाही. ते आपले कपडे स्वतः शिवत, बकरीचे दूध काढत, स्वतःची कामे स्वतः करत. पांढऱ्या कपड्यांची सुन्नत आपण उचलली, ही सुन्नत मात्र घडी घालून ठेवून दिली. कुरआनने पती-पत्नीला एकमेकांचा लिबास म्हटले आहे. एकच लिबास कायम झिजत राहावा, असा त्याचा अर्थ होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की पैसे देऊन कपडे धोब्याकडे दिले तर काय चुकले? काहीच नाही. चूक होते ती पुढे. त्याला मजुरी देताना घासाघीस करण्यात, आणि सोयरीक काढताना त्याची बिरादरी हलकी ठरवण्यात. हजरत ईसांच्या (अ.) साथीदारांना कुरआनने ‘हवारी’ म्हटले. या शब्दाच्या मुळाशी शुभ्रतेचा अर्थ आहे, आणि ते कपडे धुऊन पांढरे करणारे होते, असे अनेक भाष्यकारांनी लिहिले आहे. आपल्या वऱ्हाडात परीट घरात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. धुणाऱ्याचा हात हलका कसा, हे दोन्ही परंपरांना आपण विचारून पाहावे.

शर्ट धुणे काही अवघड विद्या नाही. घामाने आणि अंगाच्या तेलाने मळलेली कॉलर व कफ आधी कोमट पाण्यात भिजवून साबण लावून ठेवावेत, मग मऊ ब्रशने चोळावेत. डागावर इस्त्री फिरवू नये, उष्णतेने तो पक्का होतो. ब्लीच वारंवार घातले तर सुती धागा कमजोर होतो. किंचित दमट असतानाच इस्त्री केली की सुरकुती लवकर मोडते. कॉलर झिजली तर पूर्वी शिंप्याकडून उलटवून घेत, आजही घेता येते. इस्राफ टळतो. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ज्याच्या मानेचा मळ, त्याच्या हाताला ते लागले तर पुढच्या वेळी कॉलरवरच्या रेघेसाठी घरात आवाज चढणार नाही.

हनफी रीतीने पुरुषाच्या कफनात एक कमीज असते. तिला कॉलर नसते, बाह्या नसतात, खिसाही नसतो. त्या दिवशी आपल्याला आंघोळ दुसऱ्यांनी घालायची आणि कपडाही दुसऱ्यांनीच नेसवायचा. तेवढा एक दिवस सोडला तर आपला शर्ट आपण धुवायला हरकत नसावी.