सोंग कुणाचं, अंग कुणाचं

रवी जाधव या एकाच दिग्दर्शकाच्या तीन कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्यात: ‘नटरंग’ (२०१०), ‘बालगंधर्व’ (२०११) आणि ‘ताली’ ही २०२३ची वेबमालिका. पहिल्यात पैलवानाचा नाच्या होतो, दुसऱ्यात नारायणराव राजहंस पदर सावरत भामिनी होतात, तिसऱ्यात गौरी सावंत घर सोडून स्वतःला घडवते. मुख्य भूमिका अनुक्रमे अतुल कुलकर्णी, सुबोध भावे आणि सुष्मिता सेन यांच्या. तिघांनीही जीव ओतून काम केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाई आणि पुरुष यांच्या मधल्या वाटेवरच्या या गोष्टी मराठी दिग्दर्शकाला पुन्हा पुन्हा सांगाव्याशा वाटतात, प्रेक्षक त्या पाहताना हळवा होतो, आणि त्या वाटेवर खरोखर चालणारा कलावंत मात्र मुख्य भूमिकेत दिसत नाही. याचा अर्थ काय लावायचा?

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडून पाहिलं तर हे कोडं आणखी अवघड होतं. इथून कर्नाटक आणि तेलंगण दोन्ही हाकेच्या अंतरावर. बाजारात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, दखनी कानावर पडणारच. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरची रेणुका, लोहा तालुक्यात माळेगावचा खंडोबा, लातूर ओलांडलं की तुळजापूर. या टापूत लुगडं नेसलेला पुरुष पाहून कोणी थबकत नाही. परडी घेऊन आराधी दारात येतो, देवीची गाणी म्हणतो, अंगात आल्यासारखा नाचतो. पोरं खिदळली तर घरातली म्हातारीच त्यांना दटावते आणि परडीत मूठभर पीठ घालते. कमरेला खणांचा घोळ बांधून पोतराज स्वतःवर कोरडे ओढतो. माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी असतात, तमाशाचे फड असतात, जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सवही असतो. हल्ली कलाकाराच्या परिचयात ‘नृत्य, अभिनय आणि संगीत अशा तिन्ही क्षेत्रांत संचार’ असं कौतुकाने छापतात. आराध्याच्या किंवा फडावरच्या माणसाच्या बाबतीत तो संचार म्हणजे रोजची भाकरी. गाता येत नसेल तर नाचून भागत नाही, आणि दोन्ही येऊन बोलणं खटकेबाज नसेल तर माणसं उठून जातात.

म्हणजे लुगड्याला इथे मज्जाव नव्हताच. पण ही मोकळीक मिळाली ती देवीच्या नावाने किंवा हशाच्या मोबदल्यात, आणि तिची हद्द आखलेली होती. आराध्याने देवीचं गाणं म्हणावं. उद्या तो म्हणाला की मला नाटकात सावकाराचं काम द्या, तर म्हातारीसुद्धा हसेल.

ही हद्द किती चिवट असते, ते कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी आयुष्यभर सोसलं. तमाशापटांच्या सुवर्णकाळात मराठी पडद्यावर नाच्या म्हणजे गणपत पाटील, इतकं ते समीकरण पक्कं झालं होतं. स्वतः बायको-मुलांचा गृहस्थ. पण लोकांनी पडद्यावरचं सोंग त्यांच्या अंगाला चिकटवलं, घरच्यांनाही त्याची झळ बसली, आणि दुसऱ्या तऱ्हेची कामं येईनाशी झाली. मार्च २००८मध्ये ते गेले तेव्हा बहुतेकांना आठवला तो नाच्याच. जो माणूस ‘तसा’ नव्हता त्याची ही गत, तर जो आहे त्याचं काय होत असेल?

आपल्या सहानुभूतीच्या कथाही इथे एक खबरदारी घेतात, आणि मला ती खुपते. ‘नटरंग’चा गुणा कागलकर आधी पैलवान आहे, हे आपल्या मनावर नीट ठसवलं जातं, कलेपायी तो नाच्या होतो, पुढे त्याच्यावर अत्याचार होतो, आणि आपण हळहळतो ते एका ‘खऱ्या पुरुषा’च्या विटंबनेबद्दल. ‘जोगवा’मधला तायप्पा (उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला) जबरदस्तीने जोगता केला जातो आणि शेवटी सुलीवरच्या प्रेमामुळे त्यातून बाहेर पडतो. दोन्ही चित्रपट धाडसाचे, त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण दोन्हीकडे लुगडं ही आपत्ती आहे, नायकावर लादलेली किंवा त्याने नाइलाजाने पत्करलेली. ज्याला लुगडं मनापासून हवं आहे तो कथेच्या कडेला उभा राहतो. आपल्या दयेला पात्र ठरायचं असेल तर आधी निर्दोष पुरुष असल्याचा दाखला आणावा लागतो.

बालगंधर्वांची बाजू वेगळी वाटेल, कारण त्यांना तर महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. भामिनी, रुक्मिणी, सिंधू: केवढी विविधता! पण १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये ते पैठणचे एकनाथ महाराज झाले, तेव्हा प्रेक्षकांना ते रुचलं नाही. ‘प्रभात’शी ठरलेला पुढचा संकल्प तिथेच आटोपला. ज्या नटाच्या शालूची नक्कल घराघरांत होत होती, त्याला पुरुषवेशात संत होण्याची मुभा मात्र नव्हती. कौतुकही माणसाला एका जागी खिळवून ठेवू शकतं.

आता आजचं पाहा. ठाण्याची लक्ष्मीनारायण त्रिपाठी भरतनाट्यम शिकलेली. नाच शिकवण्यात आणि नाच बसवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. देशाने तिला पाहिलं ते २०११च्या ‘बिग बॉस’च्या घरात, म्हणजे लक्ष्मी म्हणूनच. त्यानंतर आत्मकथन आलं, कुंभमेळ्यातला किन्नर आखाडा आला. तिच्यातल्या नर्तकीपेक्षा तिच्या असण्याचीच चर्चा अधिक झाली. प्रणित हाटे म्हणजेच गंगा ‘युवा डान्सिंग क्वीन’मध्ये नाचली आणि मग ‘कारभारी लयभारी’ या मालिकेत दिसली. मराठी मालिकेत पारलिंगी कलाकाराने पारलिंगी पात्र साकारणं ही मोठीच गोष्ट होती. तरी पात्राचं नावही गंगाच ठेवलं गेलं, हे विसरता येत नाही. नटाला घरातून निघताना स्वतःचं नाव मागे ठेवता यावं, एवढी तरी सोय असायला हवी ना?

माझं म्हणणं या एका जागी येऊन थांबतं. अभिनय म्हणजे दुसरं कोणी होणं. पुरुष नट बाई झाला की आपण त्याला कसब म्हणतो, नटीने तृतीयपंथीयाचं पात्र केलं की धाडस म्हणतो. तृतीयपंथी किंवा समलिंगी कलावंत समोर आला की मात्र त्याने स्वतःचीच कहाणी सांगावी अशी आपली अपेक्षा असते. कहाणी जितकी दुःखाची तितक्या टाळ्या जास्त.

यावर एक उत्तर तयार असतं: क्वीअर पात्र क्वीअर कलावंतानेच करावं. चीड समजते, आणि आज दारच बंद आहे तोवर या मागणीला बळही आहे. पण तिचा नियम झाला तर गंगाने जन्मभर गंगाच व्हायचं. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (१९८१) मित्रा या मुलीला नामा या दुसऱ्या मुलीबद्दलची ओढ उमगते, त्यात कॉलेजच्या नाटकातल्या तिच्या पुरुषाच्या भूमिकेचा वाटा आहे. तेंडुलकरांनी तिचा शेवट आत्महत्येत केला. त्याबद्दल भांडता येईल. पण माणसाला स्वतःचा शोध दुसऱ्याचं सोंग घेताना लागू शकतो, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. ती वाट ज्यांना सगळ्यात जास्त लागते, त्यांच्यासाठीच ती बंद ठेवायची?

सीमेपलीकडे, कर्नाटकात, मंजम्मा जोगती आहेत. घर सुटलं, भीक मागावी लागली, मग काळव्वा जोगतींच्या मेळ्यात त्या जोगती नृत्य शिकल्या. यल्लम्मेची गाणी गायल्या, रेणुकेच्या कथेच्या खेळांत उभ्या राहिल्या. नाच, गाणं आणि नाटक यांवर त्यांनी सगळी हयात काढली. २०१९मध्ये कर्नाटक जानपद अकादमीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, आणि राज्यभरच्या लोककलावंतांचं काम पारखण्याची, कुणाला पुरस्कार द्यायचा हे ठरवण्याची जबाबदारीही आली. नोव्हेंबर २०२१मध्ये पद्मश्री स्वीकारताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ती चित्रफीत आपल्याकडेही मोबाइल-मोबाइलवर फिरली. आपल्याला ती आवडली, कारण तिच्यात त्या पुन्हा जोगतीच दिसत होत्या. अध्यक्ष म्हणून त्यांनी कुणाच्या नावाचा आग्रह धरला, कुणाचं नाव मागे ठेवलं, हे विचारावंसं मात्र आपल्याकडे फारसं कुणाला वाटलं नाही.