पाचवा माणूस

दरोड्याची व्याख्या कायद्याने एका आकड्यावर बेतली आहे. चौघांनी मिळून धाकदपटशाने लुबाडले तर ती जबरी चोरी; त्यांत पाचवा सामील झाला की तो दरोडा. १८६० च्या भारतीय दंड संहितेने आखलेली ही सीमा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही कायम ठेवली आहे. या आकड्यामागे भयाचा जुना अनुभव आहे. अपरात्री दार फोडून टोळी आत शिरते, तेव्हा घरातल्या माणसाला एकेक चेहरा दिसत नाही. दिसतो तो जमाव. म्हणूनच दरोडा घालताना टोळीतील एकाने खून केला, तर प्रत्येकजण मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरतो.

तथापि जमावाला तुरुंगात धाडता येत नाही. शिक्षा भोगतो तो एकेकटा माणूस. मग समूहाच्या पापातील त्याचा वाटा कोणी आणि कसा मोजावा?

दोषसिद्धीविरुद्ध केलेल्या अपिलाचे नैतिक मर्म या प्रश्नात आहे. अपिलात एकत्र बांधलेली माणसे पुन्हा सुटी करून पाहावी लागतात. याला कोणी ओळखले, किती उजेडात ओळखले, ओळख परेडीपूर्वी तो साक्षीदाराच्या दृष्टीस पडला होता काय, त्याच्याकडे सापडलेली वस्तू लुटीतलीच कशावरून, हे प्रत्येकाबाबत निराळे विचारले जाते. शस्त्र वापरणाऱ्यास किमान सात वर्षांची शिक्षा सांगणारे जुन्या संहितेचे ३९७ वे कलम ज्याने स्वतः शस्त्र वापरले त्यालाच लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केले. पाच आरोपींपैकी दोघे निर्दोष ठरले आणि अन्य कोणाचा सहभाग सिद्ध नसेल, तर उरलेल्या तिघांवरही दरोड्याचा दोष टिकत नाही. सामान्य माणसाला ही पळवाट वाटते. वस्तुतः जो आकडा दोष वाढवितो, तो आकडाही सिद्ध झाला पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

यावर लुटल्या गेलेल्या घराचा आक्षेप साधा आणि खरा आहे. एकदा साक्ष दिली, जखम उघडी करून दाखविली. ती आणखी किती वेळा दाखवायची? निकालाला कोठेतरी विसावा हवा की नको?

या आक्षेपाचे उत्तर नाशिक जिल्ह्यातील एका खटल्यात सापडते. जून २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे प्राण गेले. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना २००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साऱ्यांनाच पुन्हा फाशी दिली. पुढे पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. दरोड्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. राज्याने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

जन्मावरून अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरविणारा १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ मध्ये संपला. परंतु माणसाऐवजी जमाव पाहण्याची सवय कायदा रद्द केल्याने जात नाही.

या खटल्याने अपिलाविषयीची भाबडी श्रद्धाही मोडते. तिघांच्या बाबतीत वरची पायरी खालच्या पायरीहून कठोर निघाली. फेरतपासणीची तरतूद ग्रंथात असणे पुरेसे नसते. तोच पुरावा कोणीतरी प्रथमच वाचत असल्यासारखा वाचावा लागतो. आणि त्या घराला न्याय मिळाला असे २००९ मध्ये वाटले असेल, तर तो न्याय चुकीच्या माणसांवर उभा होता. निरपराध्याला दोषी धरताना खऱ्या अपराध्याचा माग सोडून दिलेला असतो. म्हणजे अपील करणारा कैदी आणि लुटले गेलेले घर यांची मागणी अखेर एकच ठरते: त्या रात्री कोण आले होते, हे नीट पाहा. ते पाहण्यास सोळा वर्षे लागली, आणि तुरुंगात गेलेली ती वर्षे कोणत्याही आदेशाने परत देता आली नाहीत.