तुमच्या मुलाला घातलं असतं का?



मागच्या महिन्यात आमच्या वन्सं शहापूरहून अचानक घरी आल्या. फोन नाही, काही नाही. खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. चहा तसाच गार झाला.

"वहिनी, पोरगं गॅरेजात जातो म्हणतंय. काय करायचं सांगा की."

त्यांचा धाकटा, म्हणजे आमचा भाचा, वीस वर्षांचा आहे. बारावी सायन्स करून इंजिनिअरिंगला घातला. दोन वर्षं झाली, विषय राहत गेले. मधल्या काळात उद्यमबागेच्या बाजूला ओळखीच्या एका गॅरेजात दुपारचा जाऊन बसायला लागला. आता म्हणतो, कॉलेज सोडतो, आयटीआयला मोटर मेकॅनिकला जातो. वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेलं. तेव्हापासून त्या घरात बापलेकांचं बोलणं बंद आहे.

आम्ही वन्संना समजावलं. आपण सत्संगात नेहमी ऐकतो तेच सांगितलं. कुठलंही काम हलकं नसतं, मन लावून केलं की सगळी कामं सारखीच, वगैरे. वन्संनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"वहिनी, तुमच्या मुलाला घातलं असतं का?"

आमचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आम्हाला उत्तर सुचलं नाही. "चहा गरम करून आणते" म्हणून आत गेलो.

त्या एका प्रश्नावर आम्ही उभयता महिनाभर बोलत आहोत. गाडी दुरुस्तीचं काम आयुष्यभर करण्यासारखं आहे का? त्याचं काय उत्तर सापडलं ते आज लिहीत आहोत.

पहिलं खरं बोलून टाकतो. उत्तर "नाही" होतं. आम्ही आमच्या मुलाला घातलं नसतं. का नसतं, याची कारणं कागदावर लिहून काढली तेव्हा तीन निघाली: पैसा, शरीर आणि लोक.

पैशाचं कारण खोटं नाही. शिकायच्या वर्षांत हातात फार थोडं मिळतं. स्वतःचं गॅरेज काढायचं तर जागेचं डिपॉझिट, जॅक, कॉम्प्रेसर, हत्यारं, स्कॅनर असं सगळं लागतं. पण कर्ज काढून पदवी घेतलेली आणि घरी बसलेली मुलंही आपल्या गल्लीत आहेतच. म्हणजे पैशाची काळजी दोन्हीकडे आहे.

शरीराचं कारणही खरं आहे. वाकून वाकून कंबर जाते, गुडघे जातात. तापलेल्या इंजिनाने हात भाजतात. वापरलेलं काळं ऑइल वर्षानुवर्षं कातडीवर राहणं चांगलं नाही. ब्रेक साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारली की उडणारी धूळ छातीत जाते, आणि जुन्या लायनरमध्ये तर ॲसबेस्टॉस असायचं. ही काळजी आईबापांनी करायलाच पाहिजे. पण त्यावर उपाय आहेत. हातमोजे, मास्क, धूळ उडवण्याऐवजी ओल्याने पुसून काढणं. खुर्चीत दहा तास बसणाऱ्या आमच्या मुलाचीही मान आणि कंबर तिशीतच दुखते, हेही आम्हाला माहीत आहे.

राहिले लोक. हे तिसरं कारण कागदावर लिहिलं आणि आम्हालाच आमची लाज वाटली. कारण ते लोक म्हणजे आम्हीच.

आमच्या गाडीचे मिस्त्री गेली बारा-तेरा वर्षं तेच आहेत. गाडी सुरू झाली नाही की घरी येतात. आल्यावर आम्ही चहा देतो. पण त्यांचा एक वेगळा स्टीलचा कप होता, मागच्या खिडकीत ठेवलेला. हात ऑइलने काळे असतात म्हणून, असं आम्ही स्वतःला सांगत होतो. पण मिस्त्री आमच्याच नळावर साबणाने स्वच्छ हात धुवायचे, आणि तरीही कप तोच निघायचा. टॅक्सचे कागद घेऊन येणाऱ्या गृहस्थांना मात्र कपबशी, आणि बशीत कुंद्याचा तुकडा. बारा वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मिस्त्रींच्या लक्षात आलं नसेल असं कसं म्हणावं?

आता याच मिस्त्रींची एक हकिगत सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आम्हाला कुलदैवताच्या दर्शनाला मंगेशीला जायचं होतं. बेळगावहून चोर्ला घाटाने. आदल्या दिवशी गाडी नुसती इंजिन ऑइल बदलायला दिली होती. संध्याकाळी आणायला गेलो तर मिस्त्री म्हणाले, "आज गाडी देत नाही. उद्या दुपारी न्या." आम्ही चिडलो. पहाटे निघायचं ठरलेलं, अभिषेकाची वेळ घेतलेली.

त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. आतलं ऑइल काळ्या चहासारखं झालेलं. नवीन असतं तेव्हा ते पिवळसर, स्वच्छ असतं. म्हणाले, "साहेब, हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, तुमचं पाच वर्षं झाली. गावात काही कळत नाही. घाटात सारखा ब्रेक लागतो, ऑइल तापतं, त्यातलं पाणी उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. मग तुम्ही पेडल दाबलं की बुडबुडाच दाबला जातो. पाय खाली जातो, पण चाक थांबत नाही."

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. घाटात धुकं, वरून पाऊस, समोरचा ट्रक दिसत नव्हता. मिस्त्रींनी बजावल्याप्रमाणे खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरलो. ब्रेक प्रत्येक वेळी जिथल्या तिथे लागला. खाली केरीला पोचलो, काहीही झालं नाही.

काहीच झालं नाही, म्हणून आम्ही ते विसरूनही गेलो. अपघात झाला असता तर जन्मभर आठवला असता. न झालेल्या अपघाताबद्दल कोण कुणाचे आभार मानतं? उलट परत आल्यावर बिलातले पन्नास रुपये आम्ही कमी करायला लावले होते, हे आता लिहिताना आठवतं.

या हकिगतीत विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. मिस्त्रींनी ऑइल बदललं की नाही, हे आम्हाला तपासता येत नव्हतं. नुसतं डबीत वरून थोडं नवीन ओतून दिलं असतं तरी आम्ही पैसे देऊन गाडी नेली असती. चार माणसांचा जीव त्यांच्या हातात होता, आणि त्यांचं काम पाहणारं तिथं कुणीही नव्हतं. कामाचं मोल शोधायचं तर ते इथे शोधावं असं आम्हाला वाटतं. ज्याला त्यातलं काही कळत नाही असा माणूस विश्वासाने आपला जीव तुमच्यावर सोपवतो, आणि कुणी बघत नसताना तुम्ही ते काम नीट करता. डॉक्टरांना आपण मान देतो तो याचसाठी ना?

या धंद्यात सगळेच असे आहेत असं आमचं म्हणणं नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्हाला सगळी क्लच प्लेट बदलायला सांगितली होती. नंतर आमच्या मिस्त्रींनी नुसती केबल ॲडजस्ट करून दिली. "प्लेट अजून वर्षभर चालेल, आत्ता बदलू नका," म्हणाले. असं म्हणणाऱ्याचं त्या दिवशी नुकसान होतं. गिऱ्हाईक अडाणी असताना खरं बोलायचं, हा मोह मेकॅनिकला रोज दहा वेळा जिंकावा लागतो. आपल्यापैकी किती जणांच्या कामात रोज एवढी परीक्षा असते?

आता कुणी म्हणेल, काम चांगलं असेल, पण त्यात डोकं कुठं लागतं? आम्हीही असंच समजत होतो. हल्लीच्या गाड्यांत, विशेषतः एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आल्यावर, जागोजागी सेन्सर असतात. मिस्त्री स्कॅनर लावतात, त्यावर एक कोड येतो. आम्हाला वाटायचं, मशिनच सगळं सांगतं. पण कोड फक्त एवढंच सांगतो की अमुक ठिकाणी गडबड आहे. सेन्सर गेला, वायर उंदराने कुरतडली, की कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, हे माणसालाच शोधावं लागतं. एकेक शक्यता बाजूला काढत जायचं. आमचा मुलगा ऑफिसात जे करतो ते तरी दुसरं काय?

त्यानेच आम्हाला मॅथ्यू क्रॉफर्ड या अमेरिकन लेखकाबद्दल सांगितलं. या गृहस्थांनी शिकागो विद्यापीठात राजकीय तत्त्वज्ञानात पीएच.डी. केली, ऑफिसात मोठ्या पगाराची नोकरी धरली, आणि थोड्याच महिन्यांत ती सोडून मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज काढलं. २००९ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की त्या ऑफिसपेक्षा गॅरेजात जास्त विचार करावा लागतो.

आपल्याला हे नवीन नसावं. संतमंडळी जमली तेव्हा कोण कच्चं कोण पक्कं हे गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी ठोकून पाहिलं, ही कथा आपण मुलांना सांगतो. ते थापटणं कुंभाराचंच हत्यार होतं. मडकी भाजून भाजून जी पारख आली ती माणसांनाही लावता आली. कामातून शहाणपण येतं हे आपण कीर्तनात मान्य करतो, सोयरीक बघताना मात्र विसरतो.

अशा वेळी मोठ्या माणसांचे दाखले द्यायची आपल्याला सवय असते. होंडा कंपनीचे सोइचिरो होंडा १९२२ साली टोकियोच्या एका गॅरेजात शिकाऊ पोरगा म्हणून लागले होते. आपल्या बेळगावचंच घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात इथल्या सायकलच्या दुकानापासून झाली, पुढे लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. हे दाखले खरे आहेत, पण वन्संना आम्ही ते सांगितले नाहीत. कारण त्यातून असा अर्थ निघतो की मेकॅनिक झाला तरी चालेल, पुढे कारखानदार झाला तर. मग जो साठ वर्षांचा होईपर्यंत गाडीखालीच झोपून काम करतो त्याचं काय? आमचे मिस्त्री कारखानदार झाले नाहीत. चोर्ला घाटात आम्हाला कारखानदार उपयोगी पडला नाही, मिस्त्री पडले.

यानंतर आम्ही भाच्याला जेवायला बोलावलं आणि सरळ विचारलं, "अभ्यास जमत नाही म्हणून पळतोयस, की हे काम आवडतं म्हणून जातोयस?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामी, पहिल्यांदा पळूनच गेलो होतो. पण पेपर बरोबर लिहिला का चूक हे दोन महिन्यांनी निकालात कळतं, आणि कुठं चुकलं ते तरीबी कळत नाही. गॅरेजात गाडी सुरू झाली की तिथंच कळतं. नाही झाली तर का नाही झाली हे शोधल्याशिवाय मला झोप येत नाही."

आम्हाला ते उत्तर पटलं. तरी मिस्त्रींकडे नेऊन त्यांना विचारलं. त्यांनी त्याच्या हातात पाना दिला, चाक खोलायला लावलं, बघत राहिले. म्हणाले, "पहिले सहा महिने नुसतं धुणं आणि नट खोलणं. त्यात टिकला तर शिकवतो. पण सर्टिफिकेट घेऊ दे. आमच्या वेळेला चाललं, आता नाही चालत. बॅटरीच्या गाड्या आल्यात. त्यांना ना क्लच, ना इंजिन ऑइल. करंट मोठा, न शिकता हात घातला तर जीव जाईल."

दहावीनंतर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा कोर्स आहे. तो पास झालेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो. म्हणजे दार बंद होत नाही. हे कळल्यावर वन्संच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. अर्ज भरला आहे. वडील अजून फारसे बोलत नाहीत, पण परवा स्कूटरचा ब्रेक घट्ट करायला त्यांनी मुलालाच हाक मारली, असं वन्सं फोनवर सांगत होत्या.

आमच्या घरचा तो स्टीलचा कप आम्ही इतर भांड्यांत मिसळून टाकला आहे. परवा मिस्त्री आले तेव्हा कपबशीतून चहा दिला. ते काही बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही. बारा वर्षांचं एका कपाने भरून निघत नाही.

आपल्या गटांत लग्नाळू मुलामुलींची स्थळं येतात. चांगला, निर्व्यसनी, स्वतःचं गॅरेज असलेला मुलगा आला तर आपण पुढचं स्थळ बघतो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. वन्संना सगळ्यात मोठी भीती तीच होती. ती भीती भाच्याच्या कामाने घातलेली नाही, आपण घातली आहे, आणि काढायची तर आपणच काढू शकतो.

वन्संच्या प्रश्नाला आमचं आजचं उत्तर काय? खरं सांगायचं तर मन अजूनही चटकन "हो" म्हणत नाही. पण आता "नाही" म्हणायचं तर कारण द्यावं लागेल, आणि "लोक काय म्हणतील" हे कारण आमच्या घरात आता चालणार नाही.

आपल्याला काय वाटतं, ते जरूर कळवा.