आरसा, धूळ आणि खिडकीतलं जुनं सिलिकॉन



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८.

कालच्या श्लोकात भगवंतांनी अर्जुनाला शत्रूचं नाव सांगितलं. काम, आणि त्याच्याच पोटचा क्रोध. आज ते सांगतात की हा शत्रू नेमकं करतो काय. तो ज्ञान नष्ट करत नाही, फक्त झाकून टाकतो. हे समजवायला तीन उपमा येतात : धुराने झाकलेला अग्नी, धुळीने झाकलेला आरसा आणि वेष्टनात गुंडाळलेला गर्भ.

काही भाष्यकार या तीन उपमांकडे आवरणाच्या तीन पायऱ्या म्हणून बघतात. पातळ, जाड आणि खूप घट्ट. धूर फुंकर मारली की बाजूला होतो. आरसा हाताने पुसावा लागतो. गर्भाचं वेष्टन मात्र फुंकून जात नाही आणि पुसूनही जात नाही. त्याला दिवस भरावे लागतात. घाईने फाडलं तर बाळच धोक्यात येतं.

मला या श्लोकात आज एक नैतिक प्रश्न दिसतो. आवरण काढायचं, हे कबूल. पण किती जोर लावून? स्वतःच्या मनावरचं काढताना स्वतःशी किती कठोर व्हायचं? आणि दुसऱ्याच्या मनावर आपल्याला आवरण दिसलं, तर ते खरवडायचा हक्क आपल्याला आहे का?

याचं उत्तर शोधताना मला धुळ्यातलं एक गॅरेज सारखं आठवतं, म्हणून आज थोडं गाड्यांबद्दल बोलू.

माझा एक मित्र मूळचा जळगावचा, नोकरीला पुण्यात. आईवडिलांना आता एसटीत फार वेळ बसवत नाही, पण वणी आणि पंढरपूर तर करायचंच आहे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच विषय. शेवटी त्याने एक जुनी गाडी घेतली आणि धुळ्यात, मुंबई-आग्रा हायवेजवळच्या एका गॅरेजात ती घरासारखी करायला टाकली. झोपायला फळी, छोटा ओटा, आणि एका मोडीत निघालेल्या कॅरॅव्हॅनमधून काढलेल्या खिडक्या. त्या खिडक्यांच्या कडांना वर्षानुवर्षांचं सीलंट चिकटलेलं होतं. मे महिन्यात मी दोन दिवस त्याच्यासोबत तिथे होतो. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास तापमान, आत पत्र्याखाली मिस्त्री काका आणि त्या खिडक्या.

काकांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं : "भाऊ, आधी हात लावून बघा काय लावलंय. मग हत्यार उचला."

त्या गाडीत आणि खिडक्यांत मिळून तीन प्रकारचे चिकट पदार्थ निघाले. तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिलं ब्युटाइल. काळी किंवा करडी, चिंगमसारखी पट्टी. हे वर्षानुवर्षं सुकत नाही, मऊच राहतं. खान्देशच्या उन्हात तर त्याच्या तारा निघतात. घासलं तर ते पसरत जातं आणि हातही बरबटतात. ते काढायचं सकाळी, गारव्यात. त्याचाच एक गोळा करायचा आणि उरलेल्या कणांवर टपटप दाबत न्यायचा. गोळा कणांना उचलून घेतो. काट्याने काटा काढतात तसं.

दुसरं सिलिकॉन. हे वाळलं की रबरासारखं होतं. जळगावच्या मे महिन्याचं त्याला काही वाटत नाही, कारण ते दोनशे अंशांच्या आसपासची उष्णताही सोसतं. राकेल आणि थिनरने फार तर फुगतं, विरघळत नाही. ते धीराने कापून, सोलूनच काढावं लागतं. त्याची खरी गोम पुढे आहे. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही, रंगही धरत नाही. डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ थर राहिला तरी नवी पट्टी एक-दोन पावसाळ्यांत सुटते आणि आत पाणी येतं.

मग सगळं निघालं हे कळणार कसं? काकांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीवर थोडं पाणी ओतलं. जिथे धातू स्वच्छ होता तिथे पाणी सपाट पसरलं. जिथे सिलिकॉन राहिलं होतं तिथे त्याचे थेंब झाले, अळूच्या पानावर होतात तसे.

आता स्वतःकडे बघू. आपण दर एकादशीला, दर एक जानेवारीला नवा संकल्प करतो. रोज एक माळ जप, रोज एक श्लोक. पंधरा दिवसांत तो सुटतो आणि आपण म्हणतो, माझ्यात शिस्तच नाही. मला वाटतं पुष्कळदा शिस्तीचा दोष नसतो. खाली जुना थर असतो. कुणाबद्दलचा आकस, नोकरीतला अपमान, भावाशी झालेली वाटणीची बोलाचाली. त्याच्यावरच आपण भक्तीची नवी पट्टी ओढतो. दिसायला छान दिसते, पण धरत नाही. पाण्याची परीक्षा इथेही चालते. त्या माणसाचं नाव मनात आणा आणि बघा, मन पसरतं की थेंबासारखं आकसतं. आकसलं तर थर अजून आहे. मग जप वाढवण्याआधी तिथे काम करावं लागेल. फोन करावा लागेल, माफी मागावी लागेल किंवा द्यावी लागेल.

पण इथेच दुसरी चूक व्हायची शक्यता असते. थर दिसला की आपण ब्लेड घेऊन तुटून पडतो.

कॅरॅव्हॅनच्या पुष्कळ खिडक्या काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात. ते काचेहून हलकं, पण नाजूक. साध्या काचेवर साबणाचं पाणी टाकून ब्लेड आडवं धरून चालवता येतं. ॲक्रिलिकवर ब्लेडने कायमचे ओरखडे येतात. थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन लागलं तर आत केसासारख्या बारीक चिरांचं जाळं पडतं आणि ते पुन्हा जात नाही. मित्राने घेतलेल्या खिडक्यांपैकी एकीला आधीच्या मालकाने असंच काहीतरी लावलं होतं. सीलंट अगदी साफ निघालेलं होतं, पण खिडकीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. काकांनी ती बाजूला ठेवली. बाकीच्यांवर प्लॅस्टिकची पट्टी, साबणाचं कोमट पाणी आणि अंगठ्याचं नख. काहीही नवं लावायचं तर आधी एका कोपऱ्यात थोडंसं लावून बघायचं.

खिडकी असते पलीकडचं दिसावं म्हणून. सीलंट काढण्याच्या नादात खिडकीच आंधळी झाली तर मेहनत कशासाठी केली?

सतराव्या अध्यायात भगवंत अशा तपाबद्दल फार कडक बोलतात. दंभाने, अहंकाराने जे शरीराला पीडा देतात ते आत राहणाऱ्या मलाही पीडा देतात, असं ते म्हणतात, आणि त्या निश्चयाला आसुरी म्हणतात. सहाव्या अध्यायात मन आवरायचं कसं हे सांगताना मात्र "हळूहळू" या अर्थाचा शब्द लागोपाठ दोनदा येतो. एकदा सांगून आपण ऐकणार नाही, हे त्यांना माहीत असावं! एक दिवस जप चुकला म्हणून स्वतःला नालायक म्हणणं, चार दिवस उपाशी राहून स्वतःला शिक्षा करणं, हे आपल्याला वैराग्य वाटतं. बऱ्याचदा तो ॲक्रिलिकवरचा थिनर असतो.

आता तिसरा पदार्थ, पॉलियुरेथेन. बाजूची एक मोठी काच थेट गाडीच्या पत्र्याला याने चिकटवलेली होती. याची पकड इतकी घट्ट की काच सोडवायला बारीक तार आत घालून करवतीसारखी ओढावी लागते. मला वाटलं, हेही आता पत्र्यापर्यंत खरवडणार. काका म्हणाले, नाही. पत्र्याला घट्ट बसलेला असेल तर जुना थर एक-दोन मिलिमीटर ठेवायचा, वरून सपाट ताजा कापायचा आणि त्याच्यावरच नवं लावायचं. पत्र्यापर्यंत गेलो तर रंग निघतो आणि तिथून गंज सुरू होतो. शिवाय नव्या पॉलियुरेथेनला ताज्या कापलेल्या जुन्या थरावर चांगली पकड मिळते.

म्हणजे सिलिकॉन पूर्ण काढायचं आणि पॉलियुरेथेन पूर्ण काढायचं नाही! दोन्ही जुनेच. जुनं म्हणून काढा किंवा जुनं म्हणून जपा, असा सरसकट नियम इथे चालत नाही. त्यावर नवं धरणार का, एवढंच विचारायचं.

हे मला आपल्या पिढीसाठी फार महत्त्वाचं वाटतं. आपण शहरात येतो, गीता वाचतो, प्रवचनं ऐकतो. मग सुट्टीत जळगावला, धुळ्याला घरी जातो आणि आईला सांगतो की तुझे नवस, उपास, कुळाचार ही काही खरी भक्ती नाही. आई गप्प बसते. कधी रडते. आपल्याला वाटतं आपण आरसा पुसला. खरं तर आपण पत्र्यापर्यंत गेलेलो असतो. तिसऱ्याच अध्यायात, बारा श्लोक आधी, भगवंत सांगून गेलेत की कर्मात श्रद्धेने गुंतलेल्यांची बुद्धी जाणत्याने विचलित करू नये, स्वतः नीट आचरण करून दाखवावं. आणि आपल्या दोघांत जाणतं कोण, हे तरी कुठे ठरलंय? आपल्याला देवासमोर हात जोडायला जिने शिकवलं, तिचाच तो थर आहे. आपल्या गीतावाचनाची पकड त्याच्यावर बसली आहे.

मग कुठलाच जुना थर पूर्ण काढू नये का? तसंही नाही. खान्देशातली हजारो माणसं चैत्रात उन्हातान्हात पायी सप्तशृंगी गडावर जातात. तिथली अठरा भुजांची देवी डोंगराच्या कड्यातच आहे. पिढ्यान्‌पिढ्या भक्तांनी प्रेमाने शेंदूर लावला, थरावर थर चढले. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून, विधिपूर्वक आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो शेंदूर उतरवला गेला. शेकडो किलो निघाला. नवरात्रात दार उघडलं तेव्हा लोकांनी देवीचं मूळ रूप पाहिलं.

गंमत बघा, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं एक ऑक्साइड. हेच लाल शिसं जवसाच्या तेलात कालवून पूर्वी पाइपांचे सांधे बुजवायला आणि लोखंडाला गंज लागू नये म्हणून वापरत. म्हणजे शेंदूरसुद्धा एका अर्थी सीलंटच! तो लावणाऱ्यांची भक्ती खोटी होती असं कुणीही म्हणणार नाही, आणि तो उतरवणाऱ्यांची श्रद्धा कमी होती असंही नाही. लावण्यात जितकं प्रेम होतं तितकंच उतरवण्यात होतं, म्हणून मूर्ती जपूनच थर उतरवला गेला. कठोरपणा किती, याचं उत्तर मला इथे मिळतं. खालच्या रूपावर जितकं प्रेम, तितकाच हाताला जोर. त्याहून जास्त नको. आणि हात हलकाच राहणार असेल तरच दुसऱ्याच्या थराजवळ जावं. तेही त्याने बोलावलं तर.

आजचा अभ्यास : वही घ्या आणि मनावरचा एकच जुना थर लिहा. त्याच्यापुढे तीन प्रश्न. हा कशाचा आहे? याच्यावर नवं काही धरतंय का? आणि काढताना खाली कोणाला ओरखडा जाईल? आज काढायची घाई नको, फक्त हात लावून ओळखा. घरी आईवडिलांशी बोलणं होणार असेल तर आज त्यांना काही समजावू नका. त्यांचा एखादा नेम कसा सुरू झाला, एवढंच विचारा आणि ऐका.

उद्या श्लोक ३९. न भागणाऱ्या आगीबद्दल बोलू.

राम कृष्ण हरी!