वजन कुठलं काढायचं

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका लहानशा काउंटीत शेरीफच्या हाताखाली एक तरुण शिपाई होता. ड्यूटीवर स्वतःची रायफल न्यायची मुभा तिथे होती. अट एकच, शस्त्रागारातल्या म्हाताऱ्या आर्मररने ती तपासून कागदावर सही केली पाहिजे.

गस्तीच्या गाडीत रायफल ठेवण्याचा रिवाज तिकडे फार जुना नाही. 1997 साली लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवुड भागात बँक लुटायला आलेल्या दोघांनी अंगभर चिलखत चढवून ऑटोमॅटिक रायफली चालवल्या. पोलिसांच्या हातात पिस्तुलं आणि शॉटगन होत्या, त्यांच्या गोळ्या त्या चिलखतापुढे चालेनात. त्यानंतर हा रिवाज देशभर पसरला. पण रायफल गाडीत आहे तोवर तिचं वजन कुणाला कळत नाही. एखाद्या घराला वेढा घालून बर्फात चार तास उभं राहिलं की ते खांद्याला कळतं. आपल्या शिपायाला ते एका रात्रीत नीट कळलं होतं.

म्हणून त्याने हलकी रायफल जुळवायला घेतली. स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर मांडला आणि येईल तो भाग त्यावर ठेवून आकडा वहीत लिहू लागला. नळी बारीक घेतली. दस्ता सांगाड्यासारखा घेतला. पुढचं हातधरणं कार्बन फायबरचं घेतलं. मग त्याची नजर आत गेली. गोळी सुटली की मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर फेकणारा आणि परत येताना नवं आत ढकलणारा पोलादी बोल्ट कॅरिअर त्याला उगाच जड वाटला. त्याने तासून हलका केलेला कॅरिअर आणला, त्यामागचा, त्याचा धक्का झेलणारा बफरही हलका घातला. कॅरिअरला मागे ढकलतो तो गोळीमागचा गॅस; एवढ्या हलक्या भागांना पुरा गॅस धक्के देईल म्हणून तोही स्क्रू फिरवून कमी केला. आत सव्वाशे ग्रॅम वाचले. सगळी रायफल अडीच किलोच्या आत बसली तेव्हा त्याने वहीत तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

म्हाताऱ्याने रायफल हातात घेतली, उघडली, पाहिली, मिटली. म्हणाला, “झकास जमलीय. चल, मैदानावर.”

बाहेर कडाक्याची थंडी होती. पहिली दोन मॅगझिनं लोण्यासारखी गेली. शिपाई हसला. म्हाताऱ्याने रायफल पुसू दिली नाही, तेल घालू दिलं नाही, नुसती पुढची मॅगझिनं हातात देत राहिला. आत काजळी साठत गेली, तेल थंडीने घट्ट झालं. पाचव्या मॅगझिनच्या मध्यावर चाप ओढला तर नुसतं ‘खट्’ झालं. कॅरिअर पुरता मागे गेलाच नव्हता, त्यामुळे नवं काडतूस आत आलं नव्हतं. शिपायाने हाताने खेचून पुढचं भरलं. चार गोळ्यांनी पुन्हा खट्.

“थंडीमुळे झालं,” तो म्हणाला.

“थंडीतच तर उभा राहणार आहेस ना, पोरा?”

दोघं शेगडीपाशी येऊन बसले. म्हाताऱ्याने त्याला कॅलिफोर्नियातल्या आर्मालाइट या छोट्या कंपनीची हकिकत सांगितली. विमानं बनवणाऱ्या फेअरचाइल्डची ती शाखा, त्यामुळे ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास हे तिच्या ओळखीचे. तिथे यूजीन स्टोनर या अभियंत्याने एआर-10 नावाची रायफल बनवली. लष्कराच्या तेव्हाच्या रायफली चार किलोंच्या, ही तीनच्या आसपास. तिचं मधलं खोकं त्याने बेधडक ॲल्युमिनियमचं केलं, कारण बोल्टचे दाते त्याने थेट नळीच्या पोलादी टोकात अडकवले होते. स्फोटाचा जोर पोलाद पोलादाशी झेलत होतं, खोक्यावर तो येतच नव्हता. पण कंपनीचे प्रमुख जॉर्ज सुलिव्हन यांना आणखी हलकं हवं होतं. स्टोनरचा विरोध असताना त्यांनी नळीच पोलाद आणि ॲल्युमिनियम मिळून करवली. 1957 च्या सुरुवातीला स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत कस लावताना ती नळी फुटली. पुढे नळी पोलादी झाली, पण त्याच वर्षी लष्कराने एम-14 निवडली.

“ॲल्युमिनियम दोन्हीकडे होतं,” म्हातारा म्हणाला. “खोक्यात टिकलं, नळीत फुटलं.”

मग त्याने शिपायाची पिशवी मागितली. त्यात रायफलीवर लावायचं बाकीचं सामान होतं, तपासणीनंतर लावायचं म्हणून काट्यावर न ठेवलेलं. दुपाई, नेम धरायच्या लाल ठिपक्याच्या काचेमागे बसवायची जादा दुर्बीण, पुढची मूठ, रबरी झाकणं. म्हाताऱ्याने ते एकेक करून शस्त्रागारातल्या काट्यावर रचलं. साडेसातशे ग्रॅम भरले.

शिपाई त्या आकड्याकडे बघत राहिला.

“यातलं वेढ्यावर काय लागलं होतं तुला?”

“टॉर्च,” तो म्हणाला. “आणि पट्टा.” ते दोन्ही त्या ढिगाऱ्यात नव्हते.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. आत साधा पोलादी कॅरिअर होता, नेहमीचा बफर होता, गॅस पुरा होता. बारीक नळी त्याने ठेवली. ती लवकर तापते हे खरं, पण शिपायाला काही मशीनगनसारख्या फैरी झाडायच्या नसतात. वर लाल ठिपका, बाजूला टॉर्च, खांद्याला पट्टा. बस्स. म्हाताऱ्याने ती आठवडाभर न पुसता रोज चालवायला लावली आणि एकदाही न अडता ती चालली.

ओझं कमी करायला निघालेला माणूस बहुधा आतल्या, न दिसणाऱ्या गोष्टींना आधी हात घालतो. बाहेर टांगलेल्या वस्तू त्याने हौसेने घेतलेल्या असतात, चारचौघांत मिरवलेल्या असतात. त्या जड वाटत नाहीत. ज्याच्यावर सगळं चालतं ते मात्र कुणाला दिसत नाही, म्हणून ते कापताना हात अडत नाही. हे रायफलीत जितकं होतं तितकंच घरखर्चात आणि कचेऱ्यांतही होतं.

सही झाल्यावर शिपायाने खिशातून तो तासलेला कॅरिअर काढला. “याचं काय करू? बराच महाग पडलाय.”

“रविवारी नेमबाजीच्या स्पर्धांना जातोस ना? त्या रायफलीत लाव. तिथे अडली तर दोन सेकंदं जातील, एवढंच.”

त्याने तसंच केलं. रायफल धक्का कमी देऊ लागली, नेम लवकर परत बसू लागला आणि त्या उन्हाळ्यातल्या स्पर्धेत त्याचा तिसरा नंबर आला.